धोक्याची वर्दी देणारे रक्त

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतील एक लहानसा, शेतीवर जगणारा देश. तेथे पावसाळा साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. पावसामागून डास येतात आणि डासांमागून हिवताप. समजा, अशाच एका पावसाळी सकाळी तेथल्या एका खेड्यातील आरोग्य केंद्राच्या ओट्यावर दहा आया आपापली तापलेली मुले मांडीवर घेऊन बसल्या आहेत. केंद्रात डॉक्टर नाही, एक प्रशिक्षित आरोग्यसेवक आहे. बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी सांगते, की दहाही मुलांना हिवताप आहे. यांतली नऊ मुले गोळ्या घेऊन तीन-चार दिवसांत अंगणात खेळू लागतील. दहावे मात्र उद्या रात्री झटके येऊन बेशुद्ध पडेल. मोठे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आहे आणि गाडी एकच आहे. या घटकेला तर दहाही मुले सारखीच मलूल दिसत आहेत. मग त्यांतले दहावे कोणते, हे ओळखायचे कसे?

विद्यार्थी मित्रहो, या लेखाचा विषय एवढा एकच प्रश्न आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा वाटेत नळीतून वाहणारा द्रव भेटला, सोन्याचे सूक्ष्म कण भेटले आणि संभाव्यतेचे गणितही भेटले. म्हणजे आपल्याच पाठ्यपुस्तकातली मंडळी! म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले.

शत्रू ओळखीचा, तरी बळी लाखोंनी

हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात प्रथम पाहिला तो आल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने, १८८० साली अल्जीरियात. तो डासाच्या पोटात सापडला आपल्या देशात. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भित्तीत तो पाहिला. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे शत्रूची ओळख पटून सव्वाशे वर्षे उलटून गेली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि त्यांतले ५ लाख ९७ हजार दगावले. यांपैकी सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले होते, आणि तेथल्या दर चार बळींपैकी तीन पाच वर्षांच्या आतली मुले होती.

माणसाला हिवताप देणाऱ्या परजीवींच्या पाच जाती आहेत. त्यांतली सर्वांत घातक जात म्हणजे फाल्सिपेरम. आपल्या महाराष्ट्रातही गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ती आढळते. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतो. पेशीत तो सुमारे ४८ तास राहतो, आतले हिमोग्लोबिन खातो, स्वतःचे अनेक तुकडे करतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. प्रत्येक तुकडा नवी पेशी गाठतो. दर फेरीला संख्या दसपट होते असे धरले, तर चार फेऱ्यांत, म्हणजे आठ दिवसांत, एकाचे दहा हजार होतात. आज आणि उद्या यांत किती अंतर पडते, ते यावरून ध्यानात यावे.

पेशी भिंतीला का चिकटते?

आपल्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा, म्हणजेच पाणथरी, नावाचे इंद्रिय आहे. रक्त गाळणे हे तिचे एक काम. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते. सुमारे ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची ही चकती तिच्याहून अरुंद फटीतूनही अंग मुडपून निघून जाते. आत परजीवी वाढू लागला, की मात्र पेशी ताठर होते. अशी ताठर पेशी प्लीहेच्या फटींत अडकते आणि नष्ट होते.

फाल्सिपेरमने यातून पळवाट काढली आहे. परजीवी तरुण झाला, की तो आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठवतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. त्याच्या जोरावर ती पेशी केशवाहिनीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटून बसते. रक्ताबरोबर वाहायचे नाही, म्हणजे प्लीहेकडे जायलाच नको. ४८ तासांच्या फेरीतला साधारण उत्तरार्ध परजीवी असा दडून काढतो.

पण त्याची ही सोय रोग्याच्या जिवावर बेतते. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम तुमच्यापैकी काही जण पुढे शिकतील. तो शोधणारा प्वाझय हा स्वतः डॉक्टर होता आणि रक्ताभिसरण समजावे म्हणूनच त्याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांवर प्रयोग केले. त्याचा नियम सांगतो, की दाब तोच ठेवला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो. केशवाहिनीत पेशी एकामागून एक अशा रांगेने सरकतात, त्यामुळे हा नियम तेथे तंतोतंत लागू पडत नाही. तरी वाट थोडीशी अरुंद झाली तरी वाहणे फार मंदावते, हे त्याचे सांगणे खरेच राहते. भिंतीला चिकटलेल्या पेशींनी मेंदूतल्या केशवाहिन्या अशा अरुंद झाल्या, की बालक बेशुद्ध पडते. यालाच मेंदूचा हिवताप म्हणतात.

काचपट्टी अर्धेच सांगते

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. कुणी म्हणेल, की सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजा. ज्याच्या रक्तात अधिक, ते मूल अधिक धोक्यात. युक्तिवाद सरळ आहे, पण फसवा आहे. बोटातून काढलेल्या थेंबात येतात त्या वाहत्या पेशी. चिकटून बसलेल्या पेशी त्या थेंबात येतच नाहीत. म्हणजे ज्या पेशी खरे नुकसान करतात, नेमक्या त्याच मोजायच्या राहून जातात.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. जेथे हिवताप बारमाही आहे, तेथे पुष्कळ मुलांच्या रक्तात थोडे परजीवी असतातच आणि शरीराला त्यांची सवय झालेली असते. अशा मुलाला न्यूमोनियाने ताप आला, तरी काचपट्टीवर हिवतापच दिसतो. मलावीतील ब्लँटायर शहरात, मेंदूच्या हिवतापाने दगावली असे निदान झालेल्या ३१ मुलांची शवपरीक्षा झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या ७ मुलांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. दर चारांत जवळजवळ एक! तीही अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मांडवाबाहेरच्या चपला

जे दिसत नाही ते मोजायचे कसे? गावात कीर्तन चालू आहे आणि तुम्हांला मांडवात शिरता येत नाही, अशी कल्पना करा. आत माणसे किती, हे बाहेरून कसे सांगाल? दाराशी चपलांचा ढीग पाहा. ढीग मोठा असेल, तर आत गर्दी मोठी.

फाल्सिपेरम परजीवीही अशा चपला मागे ठेवतो. तो हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाने भरलेले एक प्रथिन तयार करतो. त्याचे नाव एचआरपी-२. पेशी फुटते तेव्हा हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर रक्तद्रवात मिसळते. पेशी वाहती होती की भिंतीला चिकटलेली, याने फरक पडत नाही. म्हणून रक्तद्रवातील एचआरपी-२ मोजले, तर शरीरातील एकूण परजीवींचा अंदाज येतो. हा हिशेब २००५ साली मांडला गेला. पुढे आफ्रिकेतील साडेतीन हजारांहून अधिक गंभीर आजारी मुलांच्या रक्तात हे प्रथिन मोजण्यात आले आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात ते फार वाढलेले होते, त्यांच्यात बेशुद्धी आणि मृत्यू अधिक आढळले. आणखी एक बोलकी गोष्ट दिसली. ज्यांच्यात ते अगदी कमी होते, त्यांच्यातही काही मुले दगावली होती. त्या मुलांचा खरा आजार बहुधा हिवताप नव्हताच.

शरीराच्या स्थितीविषयी सांगणाऱ्या अशा मोजता येण्याजोग्या पदार्थाला डॉक्टर मंडळी ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण त्याला ‘जैवखूण’ म्हणू. खूण आणि कारण एक नव्हेत, हे मात्र विसरू नये. चपलांच्या ढिगामुळे मांडवात गर्दी होत नाही. शिवाय कीर्तन संपल्यावरही काही चपला दाराशी पडून राहतात. तसेच औषधाने परजीवी मेल्यावरही हे प्रथिन कित्येक दिवस रक्तात राहू शकते.

भिंतीची हाक

एचआरपी-२ ही झाली शत्रूने सोडलेली खूण. काही खुणा आपले शरीरच देते. रक्तवाहिनीला आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते. या अस्तराला स्थिर ठेवणारे एक प्रथिन रक्तात असते, त्याचे नाव अँजिओपोएटिन-१. त्याच्या विरुद्ध काम करणारे अँजिओपोएटिन-२ अस्तराच्या पेशींत बारीक पुड्यांत आधीच भरून ठेवलेले असते. अस्तराला इजा झाली, की या पुड्या फुटतात, अस्तर सैल पडते आणि पाणी झिरपू लागते. पाटाच्या गिलाव्याला तडे गेल्यावर पाट पाझरतो, तसेच हे. मेंदूचा हिवताप झालेल्या आफ्रिकन मुलांत पहिले प्रथिन घटलेले आणि दुसरे वाढलेले आढळते, असे २००९ सालच्या एका अभ्यासाने दाखवले.

पाझर किती घातक ठरतो, याचा पुरावा पुन्हा ब्लँटायरमधूनच आला. तेथे मेंदूचा हिवताप झालेल्या १६८ मुलांच्या मेंदूची चुंबकीय अनुस्पंदनाने चित्रे घेतली गेली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ जणांचा मेंदू फार सुजलेला होता. वाचलेल्या १४३ मुलांत अशी सूज ३९ जणांना होती. म्हणजे सूज आली तरी सर्व संपले असे नव्हे. पण बेशुद्धीपर्यंत थांबलो, तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणूनच खूण आधी हवी.

तिसरी खूण लॅक्टेटची. कबड्डीत दम तुटेपर्यंत खेळल्यावर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही आणि लॅक्टेट साचते. हिवतापात वाटा बुजल्यामुळे मूल झोपलेले असतानाही पेशींची तशीच उपासमार होते. शिवाय परजीवी स्वतःही साखर खाऊन लॅक्टेट सोडतो. रक्तातील लॅक्टेट लिटरला ५ मिलिमोल किंवा त्याहून अधिक झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार हा आजार गंभीर समजतात. ते मोजायला मधुमेही लोकांच्या साखरमापकासारखे हातात मावणारे यंत्र मिळते.

चौथी खूण आहे एसट्रेम-१ या प्रथिनाची. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी चेतल्या, की ते रक्तात वाढते. ताप हिवतापाचा असो की दुसऱ्या जंतूचा, धोका मोठा असेल तर ते वाढते. निदानासाठी हा दोष होईल, पण गाडीत कोणाला बसवायचे हे ठरवण्यासाठी गुणच आहे. युगांडातील तापाने आजारी मुलांवरील अभ्यासांत या खुणेने चांगले काम दिले आहे. त्याच देशातील मुलांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही दिसले, की एकट्या खुणेपेक्षा दोन-तीन खुणांचा मेळ मृत्यूचे भाकीत अधिक अचूक करतो. ढग, वारा आणि उकाडा तिन्ही पाहून शेतकरी पावसाचा अंदाज बांधतो, त्यातलाच हा प्रकार.

चाचणी चांगली म्हणजे काय?

आता कागद-पेन्सिल घ्या. हे आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका भागात हिवतापाची १००० मुले आहेत आणि त्यांतली २० पुढे गंभीर होणार आहेत. आपल्याकडे एक चाचणी आहे. गंभीर होणाऱ्यांपैकी ९० टक्के मुले ती बरोबर पकडते आणि गंभीर न होणाऱ्यांपैकीही ९० टक्के मुलांना ती बरोबर सोडते. चाचणी उत्तम वाटते ना?

हिशेब करू. २० पैकी १८ मुले पकडली गेली. उरलेल्या ९८० पैकी १० टक्के, म्हणजे ९८ मुलांवरही चुकून धोक्याचा शिक्का बसला. एकूण ११६ मुले रुग्णालयात धाडली, त्यांतली खरोखर धोक्यातली फक्त १८. म्हणजे साधारण सहा-सात मुलांमागे एक! आणि घरी पाठवलेल्या ८८४ मुलांपैकी २ गंभीर होणार.

आता तीच चाचणी मोठ्या रुग्णालयात नेऊ. तेथे निवडूनच आजारी मुले येतात, म्हणून १००० पैकी २०० गंभीर होणारी धरू. १८० बरोबर पकडली आणि ८० वर चुकीचा शिक्का बसला. एकूण २६० पैकी १८०, म्हणजे ६९ टक्के बरोबर. चाचणी तीच, रक्त काढण्याची रीत तीच. तरी उत्तराचा अर्थ पार बदलला! चाचणीचे मोल ती कोठे वापरली यावरही ठरते, हा धडा मोठमोठे लोकही विसरतात.

पकडीची मर्यादा खाली आणली, तर समजा २० पैकी १९ मुले सापडतील, पण चुकीचे शिक्के दुप्पट, म्हणजे १९६ होतील. मर्यादा वर नेली, तर चुकीचे शिक्के २० वर येतील, पण ६ मुले हातची निसटतील. गाड्या आणि खाटा भरपूर असतील तेथे पहिली मर्यादा परवडेल. गाडी एकच असेल तेथे काय करावे? याचे उत्तर एकटे गणित देऊ शकत नाही. पण प्रत्येक निवडीची किंमत काय पडेल, हे ते स्पष्ट दाखवते.

सोन्याची लाल रेघ

आरोग्यसेवकाच्या हातातील झटपट तपासणीची पट्टीही पाहण्यासारखी असते. टीपकागदात शाई चढते त्याच केशाकर्षणाने पट्टीत रक्तद्रव पुढे सरकतो. वाटेत सोन्याचे सूक्ष्म कण ठेवलेले असतात आणि त्यांवर एचआरपी-२ ला पकडणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. प्रथिन असेल, तर कण ते घेऊन पुढे जातात. पुढे आखलेल्या रेघेवरची दुसरी प्रतिपिंडे प्रथिनाला धरून ठेवतात, कण तेथे साठतात आणि लाल रेघ उमटते. सोने आणि लाल? होय. इतक्या बारीक कणांतील इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावतात आणि तो शोषून घेतात. उरतो तो लालसर रंग. सोन्याच्या अशा लाल द्रवावर मायकेल फॅरडे यांनी १८५७ सालीच आपले प्रयोग मांडले होते.

पण ही पट्टी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलते. ‘किती’ हे ती नीट सांगत नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके तेच. म्हणून रेघेचा गडदपणा मोजणारी साधने, तसेच एसट्रेम-१ सारख्या खुणांच्या पट्ट्या तयार करण्यावर संशोधक झटत आहेत. परजीवीही गप्प बसलेला नाही. एचआरपी-२ चे जनुकच गमावलेले परजीवी पेरूमध्ये सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे इरिट्रियासारख्या आफ्रिकी देशांतही ते आढळले. अशा परजीवींपुढे लाल रेघ उमटतच नाही. जो चपला घालतच नाही, त्याची मोजणी दाराशी कशी व्हावी?

आधी कळले, तर काय करता येते?

वर्दी मिळून उपाय नसता, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होता. पण उपाय आहे. आफ्रिकेतील ५४२५ मुलांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्विनीन दिलेल्या गंभीर रुग्णांपैकी १०.९ टक्के दगावले आणि आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी ८.५ टक्के. म्हणजे दर हजार मुलांमागे आणखी २४ जीव वाचले. जेथे इंजेक्शन देता येत नाही, तेथे लहान मुलांच्या गुदद्वारातून आर्टेसुनेटची कुपी देऊन लगेच रुग्णालयाकडे धाडतात. रोगच होऊ नये म्हणून लसीही आल्या आहेत. त्यांतली आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन आपल्या पुण्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस २०२३ साली केली.

तरीही लस सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत ओट्यावर आया बसलेल्या असणारच. म्हणून शेवटी त्या आरोग्यसेवकाकडे परत जाऊ. आज तो मुलांचे श्वास मोजतो, पापणीखालचा फिकटपणा पाहतो, मूल दूध ओढते का हे आईला विचारतो आणि आपल्या अनुभवाने एकाला गाडीत बसवतो. रक्तातील खुणा त्याच्या डोळ्यांची जागा घेणार नाहीत, घेऊही नयेत. त्याची नजर दहा मुलांवरून फिरत असताना, त्यांतल्या एकाजवळ तिला क्षणभर थांबवणे, एवढेच त्यांचे काम आहे. तेवढे काम बिनचूक झाले, तरी एक आई संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतणार नाही.